मोडणारा खांब

चांगला खांब कोणता, असे कोणी विचारले तर तुम्ही काय सांगाल? वाऱ्यापावसाला दाद न देणारा, धक्का बसला तरी न हलणारा, वर्षानुवर्षे टिकणारा, असेच तुम्ही म्हणाल. घराच्या किंवा पुलाच्या खांबाच्या बाबतीत हे उत्तर अगदी बरोबर आहे. पण काही खांब असे असतात, की ते ऐन वेळी मोडले तरच त्यांना चांगले म्हणायचे! अमेरिकेत खेड्यापाड्यांतील रस्त्यांच्या कडेला टपालपेटीसाठी रोवलेला खांब हा अशांपैकीच एक. तो मोडावा म्हणून अभियंत्यांनी प्रयोग केले, मोजमापे घेतली, नियम ठरवले. असे का करावे लागले, हे आज आपण पाहू. त्यासाठी लागणारे विज्ञान तुमच्या पाठ्यपुस्तकातलेच आहे : जडत्व, संवेग आणि गतिज ऊर्जा.

पेटी रस्त्यावर कशी आली?

आपल्याकडे पोस्टमन पत्र घेऊन दारापर्यंत येतो. टपालपेटी म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे पत्रे टाकायची लाल पेटी उभी राहते. अमेरिकेच्या ग्रामीण भागात मात्र प्रत्येक घराची स्वतःची पेटी असते. पोस्टमन त्या पेटीत पत्रे ठेवतो.

तेथील शेते विस्तीर्ण आणि घरे एकमेकांपासून दूर. पूर्वी शेतकऱ्याला टपाल आणण्यासाठी गावातील टपाल कचेरीत जावे लागे. १८९६ साली वेस्ट व्हर्जिनिया राज्यात खेड्यांतून विनामूल्य टपाल वाटण्याचा प्रयोग सुरू झाला आणि पुढे ही सोय देशभर पसरली. प्रत्येक घरापर्यंत आत जायचे तर पोस्टमनचा दिवस पुरला नसता. म्हणून घरमालकाने रस्त्याच्या कडेला पेटी लावावी आणि पोस्टमनने गाडीतून न उतरता तीत टपाल ठेवावे, अशी पद्धत पडली. सुरुवातीला लोक जुने डबे नि बादल्याच खांबावर अडकवत. १९१५ साली टपाल खात्यातील रॉय जोरोलमन या अभियंत्याने बोगद्याच्या आकाराची पत्र्याची पेटी तयार केली. वर अर्धगोल छप्पर, पुढे उघडणारे झाकण आणि बाजूला एक छोटे निशाण. ते वर केलेले दिसले की पोस्टमनने समजायचे, घरमालकाने पाठवायचे पत्र आत ठेवले आहे.

गाडीत बसलेल्या माणसाचा हात पोहोचला पाहिजे, म्हणून पेटीची जागा ठरलेली असते. तिचा तळ रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच, म्हणजे सुमारे १०४ ते ११४ सेंटिमीटर उंच असावा लागतो आणि पेटी रस्त्याला अगदी लागून असावी लागते. ही दोन मापे लक्षात ठेवा. पुढे सारा घोटाळा यांच्यामुळेच होतो.

हलवता न येणारी अडचण

चालकाला डुलकी लागते, रस्त्यावर बर्फ असतो, एखादे जनावर आडवे येते, आणि गाडी रस्ता सोडून कडेला उतरते. पूर्वी अशा अपघाताचा सारा दोष चालकाच्या माथी मारला जाई. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील अभियंते वेगळा विचार करू लागले. माणसाकडून चूक व्हायचीच. पण त्या चुकीला मृत्यूची शिक्षा कशाला? रस्त्याची कडाच अशी ठेवावी, की चुकलेल्याला सावरायला वाव मिळेल. या कल्पनेला त्यांनी ‘क्षमाशील कडा’ अशा अर्थाचे नाव दिले.

जनरल मोटर्स कंपनीच्या चाचणी-मैदानावरील निरीक्षणांतून असे दिसून आले होते, की रस्ता सोडणाऱ्या गाड्यांपैकी सुमारे ८० टक्के गाड्या ३० फुटांच्या, म्हणजे सुमारे ९ मीटरच्या आत थांबतात किंवा सावरतात. तेव्हा वेगवान रस्त्यांच्या कडेचा एवढा पट्टा मोकळा ठेवावा, असे ठरले. पट्ट्यात एखादी टणक वस्तू असेल तर काय करायचे? शक्य असल्यास ती काढून टाकावी. काढता येत नसेल तर दूर न्यावी. तेही जमत नसेल तर ती धडकेने मोडेल अशी करावी. आणि यांपैकी काहीच शक्य नसेल, तर तिच्यापुढे संरक्षक कठडा उभारावा.

आता हे उपाय टपालपेटीला लावून पाहा. पेटी काढून टाकली तर टपाल बंद. नऊ मीटर दूर नेली तर पोस्टमनचा हात पोहोचत नाही. पुढे कठडा बांधला तरी तीच अडचण, शिवाय कठडाच पेटीपेक्षा मोठा अडथळा! उरतो एकच उपाय : पेटी जागेवरच ठेवायची आणि तिचा खांब मोडणारा करायचा.

थोडे गणित

खांब न मोडला तर काय होते, ते आकड्यांत पाहू. १,१०० किलोग्रॅम वस्तुमानाची एक लहान मोटार ताशी १०० किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २७.८ मीटर वेगाने धावत आहे असे समजा.

गतिज ऊर्जा = १/२ × वस्तुमान × वेगाचा वर्ग
= १/२ × १,१०० × २७.८ × २७.८
= सुमारे ४,२५,००० ज्यूल

ही ऊर्जा केवढी? तीच मोटार सुमारे ३९ मीटर उंचीवरून, म्हणजे बारा-तेरा मजली इमारतीच्या गच्चीवरून खाली पडली, तर जमिनीवर पोहोचताना तिच्यापाशी एवढीच ऊर्जा असेल.

आता ही मोटार काँक्रीटमध्ये पक्क्या बसवलेल्या जाड लोखंडी खांबावर आदळली. खांब जागचा हलला नाही आणि मोटारीचा पुढचा भाग ०.६ मीटर चेपला जाऊन ती थांबली असे धरू. म्हणजे सर्व ऊर्जा ०.६ मीटर अंतरात संपली. कार्य म्हणजे बल × विस्थापन. म्हणून सरासरी बल सुमारे ७ लाख न्यूटन होते. मोटारीचे मंदन गुरुत्व त्वरणाच्या सुमारे ६५ पट येते. मोटारीबरोबर थांबण्यासाठी, आत बसलेल्या ५० किलोग्रॅमच्या माणसावर ३२,००० न्यूटन बल लागेल, म्हणजे जणू सव्वातीन टनांचे ओझे. हा सारा प्रकार अवघ्या ०.०४ सेकंदात घडतो.

उलट खांब लाकडाचा आणि साधा असला तर? खांब व पेटी मिळून १० किलोग्रॅम भरतात असे माना. खांब सहज तुटला आणि मोटारीबरोबर पुढे गेला. संवेग अक्षय्यतेच्या नियमाने,

१,१०० × २७.८ = १,११० × नवा वेग

म्हणून नवा वेग सेकंदाला २७.५५ मीटर येतो. मोटारीचा वेग केवळ ०.२५ मीटरने कमी झाला. ताशी १ किलोमीटरसुद्धा नाही! चालकाला धक्का जाणवेल, बंपर वाकेल, पण प्राणावर बेतणार नाही.

हळू जाणाऱ्या मोटारीचे कोडे

वरच्या हिशोबात आपण एक गोष्ट सोडून दिली. खांब मोडण्यासाठीही काही ऊर्जा खर्च होते. हा जणू वाटेवरचा जकात नाका आहे. मोटार वेगाने आली काय किंवा हळू आली काय, जकात साधारण तेवढीच द्यावी लागते. आता सांगा, धोका कोणाला जास्त, वेगवान मोटारीला की हळू मोटारीला?

पुन्हा आकडेच घेऊ. एक खांब मोडायला ५,००० ज्यूल लागतात आणि दुसरा मोडायला ४०,००० ज्यूल लागतात, असे समजा. आपली मोटार प्रथम ताशी १०० आणि मग ताशी ३० किलोमीटर वेगाने त्यांवर आदळते. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला ८.३ मीटर. या वेगाला मोटारीची गतिज ऊर्जा सुमारे ३८,००० ज्यूल असते.

पहिल्या खांबामुळे वेगवान मोटारीचा वेग सेकंदाला ०.१६ मीटरने, तर हळू मोटारीचा सुमारे ०.६ मीटरने कमी होतो. दोघीही पार होतात. दुसऱ्या खांबामुळे वेगवान मोटारीचा वेग फक्त १.३ मीटरने घटतो. पण हळू मोटारीपाशी आहेत ३८,००० ज्यूल आणि जकात आहे ४०,०००! ती तेथेच थांबते. तिचा सेकंदाला ८.३ मीटरचा सारा वेग एका क्षणात जातो आणि आतला माणूस जडत्वामुळे पुढे फेकला जातो.

म्हणूनच अमेरिकेत रस्त्याकडेच्या खांबांची चाचणी दोन वेगांनी घेतात. २००९ साली तेथे लागू झालेल्या चाचणी-नियमांप्रमाणे १,१०० किलोग्रॅमची लहान मोटार एकदा ताशी सुमारे ३० आणि एकदा ताशी सुमारे १०० किलोमीटर वेगाने खांबावर आदळवतात. प्रवासी मोटारीच्या आतील भागावर किती वेगाने आपटेल, याचा हिशोब मोजलेल्या मंदनावरून करतात. हा वेग सेकंदाला ४.९ मीटरपेक्षा जास्त आला तर तो खांब नापास!

पेटी कोठे जाते?

खांब मोडला म्हणजे काम संपले, असे मात्र नाही. एक छोटा प्रयोग करा. लाकडी पट्टी टेबलावर उभी धरा आणि तिच्या वरच्या टोकावर खोडरबर ठेवा. आता पट्टीच्या खालच्या भागाला टिचकी मारा. खोडरबर टिचकीच्या दिशेने पुढे जात नाही. पट्टीचे खालचे टोक पुढे सरकते, वरचे टोक तुमच्या बोटाकडे कलते आणि खोडरबर तुमच्याच बाजूला पडते.

टपालपेटीचे असेच होते. मोटारीचा बंपर खांबाला खाली, साधारण अर्ध्या मीटर उंचीवर धडकतो. खांबाचा खालचा भाग पुढे ढकलला जातो. वरची पेटी जडत्वामुळे होती तेथेच राहू पाहते. तेवढ्यात मोटार पुढे आलेली असते. मघाशी लक्षात ठेवलेली उंची आता आठवा. १०४ ते ११४ सेंटिमीटर! म्हणजे बॉनेटच्या जरा वर, थेट समोरच्या काचेच्या पातळीला. पेटी खांबापासून सुटली आणि जड असली, तर ती काच फोडून आत शिरते.

त्यावर उपाय दोन. पेटी हलकी, साध्या पत्र्याची किंवा प्लॅस्टिकची असावी. आणि ती खांबाला इतकी पक्की बसवावी, की खांब मोडला तरी पेटी त्याच्यापासून सुटू नये. गंमत पाहा, खांब जमिनीपासून सुटायला हवा, पण पेटी खांबापासून सुटता कामा नये!

याहून भयंकर प्रकार म्हणजे आडवी फळी. चार-पाच शेजारी मिळून दोन खांबांवर एक जाड फळी ठोकत आणि तीवर ओळीने पेट्या मांडत. दिसायला व्यवस्थित, खर्चाला स्वस्त. पण मोटार बाजूने आली की तीच फळी भाल्यासारखी काचेतून आत घुसते. म्हणून अशी फळी वापरू नये, प्रत्येक पेटीला वेगळा खांब द्यावा, आणि दोन खांबांत त्यांच्या जमिनीवरील उंचीच्या निदान पाऊणपट अंतर ठेवावे, असे अमेरिकेच्या राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने आपल्या मार्गदर्शिकेत सांगितले आहे. अंतर ठेवल्याने एका धडकेत अनेक पेट्या एकमेकींत गुंतून काचेवर येण्याचा धोका कमी होतो.

मग खांब असावा तरी कसा?

तेथील महामार्ग प्रशासनाची शिफारस साधी आहे. ४ इंच × ४ इंच छेदाचा लाकडी खांब, किंवा २ इंच व्यासाचा साधा पोलादी अथवा अॅल्युमिनियमचा पाइप. तो जमिनीत २४ इंचांपेक्षा खोल पुरू नये. जाड लोखंडी पाइप, काँक्रीटचे खांब, काँक्रीट भरलेले दुधाचे कॅन किंवा शेतीची जुनी अवजारे यांचा आधार करू नये.

चारच इंच का? चौकोनी खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद त्याच्या बाजूच्या घनाच्या प्रमाणात वाढते. बाजू दुप्पट केली, ४ ची ८ इंच केली, तर ताकद दुप्पट नव्हे, २ × २ × २ म्हणजे आठपट होते. ‘थोडा जाड घेतला तर काय बिघडले?’ या प्रश्नाचे उत्तर या घनात आहे.

आणि दोनच फूट का? मातीत बेताने पुरलेला खांब वारा, पाऊस आणि पोस्टमनचा हात सहज सहन करतो. पण मोटारीच्या धडकेने माती बाजूला सरते आणि खांब कलतो किंवा उपटून येतो. काँक्रीटमध्ये बसवलेल्या खांबाला ही सवलत राहत नाही.

पेटीचे वजन आणि वाऱ्याचा जोर काही शेकडा न्यूटनांचा, तर मोटारीच्या धडकेचे बल हजारो-लाखो न्यूटनांचे. या दोहोंत प्रचंड अंतर आहे. त्या अंतरात कोठेतरी खांबाची ताकद बसवायची. रोजच्या कामाला पुरून उरेल इतकी, पण मोटारीला अडवणार नाही इतकीच. अभियंत्याचे कौशल्य येथे आहे.

करून पाहा

साहित्य : एक मीटर लांबीची गुळगुळीत फळी, खेळण्यातला ट्रक, थोडे खडे, अगरबत्तीच्या काड्या, एक पेन्सिल, एक मोठा खिळा, रिकाम्या आगपेट्या, खडूचा तुकडा आणि मोजपट्टी.

शाळेच्या मैदानावर टणक, सपाट जागा निवडा. फळीचे एक टोक विटेवर ठेवून उतार करा. ट्रकमध्ये खडे भरा आणि वर खडू उभा करा. हा आपला प्रवासी. उतारावरून ट्रक सोडून तो किती दूर जातो ते मोजा. आता उताराच्या पायथ्यापासून वीतभर पुढे अगरबत्तीची काडी जमिनीत रोवा, तिच्यावर आगपेटी चिकटवा आणि ट्रक पुन्हा त्याच जागेवरून सोडा. धडकेनंतर ट्रक किती अंतर गेला? खडू उभा राहिला की पडला? आगपेटी कोणत्या बाजूला पडली? हीच कृती प्रथम पेन्सिल रोवून आणि मग खिळा खोलवर ठोकून करा. प्रत्येक वेळी तीन-तीन वाचने घेऊन सरासरी काढा. नंतर फळीच्या टोकाखाली आणखी एक वीट ठेवा आणि सगळे पुन्हा करा. हळू ट्रक ज्या खांबापाशी अडतो, त्याच खांबातून वेगवान ट्रक पार होतो का, हे मुद्दाम पाहा. प्रयोग झाल्यावर खिळा काढून ठेवायला विसरू नका.

कायदा काय म्हणतो, विज्ञान काय म्हणते

हे सारे ठाऊक असूनही लोक दणकट खांब का रोवतात? त्यांचीही एक बाजू आहे. उनाड मुले धावत्या गाडीतून काठीने पेट्या फोडत जातात. हिवाळ्यात बर्फ हटवणाऱ्या यंत्रांच्या माऱ्याने पेट्या पडतात. दोन-तीनदा पेटी मोडली की घरमालक वैतागतो आणि ‘आता बघू कोण मोडतो ते!’ म्हणून लोखंड आणि काँक्रीट आणतो.

ओहायो राज्यात असेच घडले. पेटीची वारंवार मोडतोड होते म्हणून एका घरमालकाने ८ इंच व्यासाचा लोखंडी पाइप ३ फूट खोल रोवला. शिफारस होती २ इंची पाइपाची. भिंतीची जाडी तेवढीच धरली, तरी चौपट व्यासाच्या पाइपाची ताकद सुमारे सोळापट होते. २०१६ साली हिवाळ्यात रस्त्यावर गोठलेल्या बर्फावरून एक गाडी घसरली, त्या खांबावर आदळून उलटली आणि चालक कायमचा अपंग झाला. प्रकरण राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. रस्ता सोडून बाहेर आलेल्या गाडीच्या बाबतीत घरमालकावर कायद्याने जबाबदारी येत नाही, असा निर्णय २०२१ साली लागला. टपाल आणि महामार्ग खात्यांची मापे या शिफारशी होत्या, सक्ती नव्हती.

म्हणजे कायद्याने घरमालकाला सोडले. पण खांबाची ताकद कायद्याचे पुस्तक पाहून कमी होत नाही. पत्र्याची पेटी मोडली तर नवी आणता येते. ती वाचवण्यासाठी अनोळखी माणसाचे आयुष्य पणाला लावायचे का, हा प्रश्न न्यायालयाने नव्हे, खांब रोवणाऱ्यानेच सोडवायचा असतो. आणि बर्फाच्या त्रासावर मोडणाऱ्या खांबाला साजेसा उपायही आहे. मिनेसोटा या बर्फाळ राज्यात पेटी एका लांब आडव्या दांड्याच्या टोकाला बसवतात. खांब कडेपासून मागे राहतो. बर्फाचा मारा बसला की दांडा दारासारखा फिरतो आणि पेटी वाचते. हट्टाने न अडता वाट देण्याचाच हा आणखी एक प्रकार.

विचार करा

१. ताशी १०० ऐवजी ताशी ५० किलोमीटर वेगाने मोटार न मोडणाऱ्या खांबावर आदळली, तर तिची गतिज ऊर्जा किती पटीने कमी असेल?

२. खांब पोकळ पाइपाचा घेऊन, तो टिकावा म्हणून कोणी आत काँक्रीट भरले. यामुळे कोणकोणते धोके वाढतील?

३. आपल्या शाळेच्या रस्त्यावर, कडेपासून ९ मीटरच्या आत कोणकोणत्या टणक वस्तू आहेत त्यांची यादी करा. यांपैकी कोणती काढता येईल, कोणती दूर नेता येईल आणि कोणती मोडणारी करता येईल, याची वर्गात शिक्षकांबरोबर चर्चा करा.